दोन खड्ड्यांच्या शौचालयातील दुर्गंधी : कारणे व निगा

गावातील शौचालयांविषयी नेहमी ऐकू येणारी तक्रार दुर्गंधीची असते. शौचालय बांधून पूर्ण होते, पहिले काही महिने घरातील सर्व माणसे त्याचा वापर करतात. पुढे वास येऊ लागला की प्रथम वृद्ध मंडळी पाठ फिरवितात, मग पुरुष, आणि अखेर ती लहानशी खोली माडाची चुडते व सोडणे साठविण्याच्या कामी येते. स्त्रियांना मात्र हा मार्ग मोकळा नसतो. दिवसाउजेडी बाहेर जाता येत नाही आणि आत बसवत नाही, अशा कोंडीत त्यांचे दिवस जातात. यास्तव दुर्गंधीचा प्रश्न किरकोळ समजून चालणार नाही.

दुर्गंधी हा शौचालयाचा स्वभावधर्म आहे, अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. बांधकाम योग्य असेल आणि निगा नियमित राखली जात असेल, तर दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयास जवळजवळ वास येत नाही. वास येतो तेव्हा कोणता तरी एक भाग बिघडलेला असतो, आणि वास कसा आहे, कोठे आहे व केव्हा येतो यांवरून तो भाग बहुधा ओळखता येतो. फिनेलची बाटली ओतल्याने वासावर वास चढतो. बिघाड जागच्या जागी राहतो.

रचना कशी असते

या शौचालयाची रचना फार साधी आहे. तीव्र उताराचे भांडे, त्याखाली वाकडी नळी, तेथून जंक्शन चेंबरपर्यंत जाणारी नळी, आणि चेंबरमधून फुटणाऱ्या दोन वाटांच्या टोकांना दोन खड्डे. एका वेळी एकच खड्डा वापरात असतो, दुसऱ्याची वाट बंद केलेली असते. खड्ड्याच्या भिंती जाळीच्या बांधकामाच्या असतात, म्हणजे चिऱ्यांच्या वा विटांच्या थरांत मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात. तळाला सहसा गिलावा केलेला नसतो. पाणी व वायू या फटींतून मातीत शोषले जातात आणि उरलेल्या मळाचे जिवाणूंच्या साहाय्याने हळूहळू विघटन होते. सुमारे एक मीटर व्यासाचा व सव्वा मीटर खोलीचा खड्डा पाच-सहा माणसांच्या कुटुंबास तीन वर्षे वा अधिक काळ पुरतो.

वायू मातीत शोषला जात असल्यामुळे या प्रकारच्या शौचालयास वायुनळीची आवश्यकता नसते. तरीही काही गवंडी सवयीने ती बसवितात आणि घरमालकासही ती उंच नळी पाहून समाधान वाटते. प्रत्यक्षात तिच्यामुळे खड्ड्यातील वास वाऱ्यावर पसरण्यास आणि डासांना आत-बाहेर करण्यास आयती वाट मिळते.

वाकड्या नळीला गवंडी लोक ट्रॅप म्हणतात. काही ठिकाणी तिला कोंबडा असेही नाव आहे. या नळीच्या वळणात नेहमी थोडे पाणी साचून राहते. ग्रामीण पद्धतीच्या भांड्यात या पाण्याच्या पडद्याची खोली २० मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराइतकीही नसते. खड्ड्यातील वायू आणि घरातील माणसे यांच्यामध्ये एवढाच काय तो अडसर असतो. पडद्याची खोली कमी ठेवण्यामागे कारण आहे. दीड ते दोन लिटर पाण्यात मळ वाहून जावा, हा त्यामागील हेतू होय. शहरी पद्धतीचे भांडे बसविले तर त्याच कामास दहा लिटर वा अधिक पाणी लागते. सहा माणसांच्या घरात दिवसातून चोवीस वेळा वापर होतो असे धरले, तर एका भांड्यास ४८ लिटर पुरतात आणि दुसऱ्यास २४० लिटर लागतात. हे पाणी विहिरीवरून आणण्याचे काम कोणाच्या डोक्यावर पडते, हे सांगावयास नको. शिवाय एवढे पाणी खड्ड्यात गेल्यावर तो वर्षभर ओलाचिंब राहतो. म्हणून भांडे खरेदी करताना त्याची चकाकी न पाहता उतार आणि ट्रॅप पाहावा.

नाकाला झोंबणारा वास

आत पाऊल टाकताच नाकाला झोंबणारा उग्र वास आला, तर तो बहुधा अमोनियाचा असतो. त्याचा खड्ड्याशी संबंध नसतो. भांड्याच्या कडा, पायऱ्यांच्या खाचा, फरशीचे सांधे आणि भिंतीचा खालचा भाग यांवर मूत्राचे थेंब वाळतात, जिवाणू त्यांतील युरियापासून अमोनिया तयार करतात, आणि कालांतराने तेथे पिवळट, खरबरीत थर जमतो. या थरावर नुसते पाणी ओतून उपयोग होत नाही. चिंचेचा कोळ अथवा शिरका रात्री लावून ठेवावा आणि सकाळी ब्रशाने घासून धुवावे. दोन-तीन वेळा असे केल्यावर थर सुटतो. पितळेची भांडी चिंचेने उजळतात, त्याचप्रमाणे येथेही आंबट पदार्थाच्या आम्लतेने क्षार विरघळतो. त्यानंतर रोज साबणाच्या पाण्याने एकदा घासणे पुरेसे असते. वापरण्यापूर्वी भांड्यात तांब्याभर पाणी ओतून ते ओले करावे, म्हणजे मळ चिकटत नाही.

बाजारात मिळणारे तीव्र ॲसिड टाळणे इष्ट. त्याने भांड्याची झिलई जाते, सिमेंटचे सांधे खाल्ले जातात, आणि खरबरीत झालेल्या पृष्ठभागावर घाण अधिकच धरते. तेच ॲसिड वा फिनेल भरपूर प्रमाणात खड्ड्यात गेले, तर विघटन करणारे जिवाणू मरतात आणि ज्या वासाकरिता ते ओतले तो वाढतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर यांचा एकत्र वापर कदापि करू नये. त्यांच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो आणि लहानशा बंद खोलीत तो प्राणावर बेतू शकतो.

बंद घरे आणि शाळा

सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तो खड्ड्यातील हायड्रोजन सल्फाइड वायूचा समजावा. तो आत येतो याचा अर्थ पाण्याचा पडदा उरलेला नाही. भांडे बसविताना ते समपातळीत बसले नसेल तर ट्रॅपमध्ये पुरेसे पाणी राहत नाही. क्वचित ट्रॅपला तडा गेलेला असतो. अशा वेळी भांडे काढून पुन्हा बसविण्यावाचून गत्यंतर नाही. परंतु पुष्कळदा कारण याहून अगदी साधे असते. पडदा वाळून गेलेला असतो.

गोव्यात हा प्रकार विशेष आढळतो. नोकरीधंद्यानिमित्त मुंबईस वा परदेशी राहणाऱ्या कुटुंबांची गावातील घरे वर्षाचे कित्येक महिने बंद असतात. चतुर्थीला घर उघडले की प्रथम वास स्वागतास येतो, आणि शौचालयाचे बांधकामच वाईट झाले असा ग्रह होऊन गवंड्याच्या नावाने बोटे मोडली जातात. २० मिलिमीटर पाणी उन्हाळ्यात काही आठवड्यांतच उडून जाते, एवढाच त्याचा अर्थ असतो. दोन तांबे पाणी ओतून दारे-खिडक्या उघड्या ठेवल्या की तासाभरात वास ओसरतो. घर बंद करण्यापूर्वी ट्रॅप पाण्याने भरून त्यावर दोन चमचे खोबरेल तेल सोडावे. तेलाचा तवंग पाण्यावर पसरतो व बाष्पीभवन मंदावते. भांड्याच्या तोंडाशी ओल्या गोणपाटाचा बोळा घट्ट बसविल्यास अधिक चांगले. मात्र परत आल्यावर तो काढण्याचे स्मरण ठेवावे, अन्यथा पहिल्याच दिवशी भांडे तुंबेल.

शाळांची गोष्ट हीच आहे. सुटीनंतर शाळा उघडते त्या दिवशी शौचालयांना वास येतो, मुले नाके दाबून बाहेर पळतात, आणि मोठ्या मुली दिवसभर पाणी पिण्याचे टाळू लागतात. सुटीच्या काळात आठवड्यातून एकदा प्रत्येक भांड्यात बादलीभर पाणी ओतण्याची व्यवस्था मुख्याध्यापकांनी केली, तर हे सारे टळते. या कामास कोणत्याही अनुदानाची वा मंजुरीची आवश्यकता नाही.

पाणी मागे उभे राहते तेव्हा

पाणी ओतल्यावर ते हळूहळू उतरत असेल किंवा भांड्यात मागे येत असेल आणि वास सतत येत असेल, तर दोष पुढे आहे. प्रथम नळी तुंबली आहे काय, ते पाहावे. कापडाचे तुकडे, सॅनिटरी पॅड, बालकांचे डायपर, बिड्यांची थोटके, केस, राख, चुलीतील कोळसा यांपैकी काहीही भांड्यात टाकू नये. नळी तुंबली असेल तर लवचीक वेताने वा बांबूच्या चिपेने ती मोकळी करता येते. टोकदार लोखंडी सळई वापरल्यास ट्रॅप फुटण्याचा संभव असतो.

नळी मोकळी असूनही पाणी उतरत नसेल, तर खड्डा भरला असावा किंवा त्यात पाणी शिरले असावे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांत कोसळतो. आषाढ-श्रावणात विहिरी काठोकाठ भरतात, त्या वेळी जमिनीखालील पाण्याची पातळी खड्ड्याच्या तळापर्यंत, कित्येकदा तळाच्याही वर येते. खाजणांच्या काठचे गाव असेल तर विचारावयासच नको. अशा ठिकाणी खोल खड्डा खणणे ही मोठी चूक ठरते. खड्डे उथळ परंतु रुंद करावेत, त्यांचे माथे पुराच्या वेळी साचणाऱ्या पाण्याच्या पातळीपेक्षा सुमारे एक फूट उंच ठेवावेत आणि सभोवार मातीचा भराव घालून तो चोपून घ्यावा. शौचालयाचे जोतेही त्याच मानाने उंच घ्यावे लागते. छपराचे, न्हाणीचे वा अंगणातील पाणी खड्ड्याकडे वळणार नाही, याची काळजी सर्वच ठिकाणी घ्यावी. न्हाणीचे पाणी शौचालयाच्या खड्ड्यात सोडण्याची सोय अनेकांना सुचते. ती खड्ड्याचे आयुष्य निम्म्यावर आणणारी आहे.

आत काहीही वास नाही, पण परसात वास येतो, असेही घडते. मग झाकणांच्या कडा तपासाव्यात. खड्ड्यांची व चेंबरची झाकणे उचलल्यावर ती तशीच ठेवून दिली जातात आणि सांध्यांतून वायू निघत राहतो. चुन्याच्या वा सिमेंटच्या पातळ मिश्रणाने सांधे भरले की काम भागते.

चेंबरमधील वीट

संपूर्ण रचनेत सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे जंक्शन चेंबर. येथे दोन वाटा फुटतात आणि त्यांपैकी एक विटेचा तुकडा व सिमेंट लावून पक्की बंद करावयाची असते. ती बंदच केली नाही, अथवा नुसता दगड ठेवून दिला, तर दोन्ही खड्डे एकाच वेळी भरत जातात. प्रारंभी हे कोणाच्या ध्यानात येत नाही. उलट खड्डा लवकर भरत नाही याचा आनंदच होतो. काही वर्षांनी दोन्ही भरतात, पाणी मागे येते, दुर्गंधी असह्य होते, आणि ज्याचे खत व्हावयास हवे होते तो ओला, ताजा मळ दोन्ही खड्ड्यांत सारखाच असतो. तो काढणार कोण?

हा प्रश्न विचारावा लागू नये म्हणूनच दोन खड्ड्यांची योजना अस्तित्वात आली. माणसाने माणसाची विष्ठा हाताने उचलून वाहावी, ही प्रथा या देशात एका विशिष्ट वर्गावर जातीच्या आधारे लादली गेली होती. १९९३ मध्ये संसदेने कोरड्या संडासांस व अशा कामास बंदी घालणारा कायदा केला, आणि ज्या राज्यांच्या ठरावांवरून तो झाला त्यांत गोव्याचाही समावेश होता. पुढे २०१३ च्या कायद्याने बंदी अधिक कडक झाली, आणि संरक्षक साधनांवाचून कोणासही गटारात वा सेप्टिक टँकमध्ये उतरविणे हा अपराध ठरला. चेंबरमध्ये न बसविलेल्या एका विटेमुळे घरमालक नकळत त्याच जुन्या वाटेवर येऊन पोहोचतो. शौचालय ताब्यात घेताना घरमालकाने चेंबरचे झाकण उघडून ती वीट स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांनीही पाहणीत हे टाळू नये.

ज्यांच्या घरी सेप्टिक टँक आहे, त्यांच्यासाठी येथे थोडे स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. ही टाकी पाणबंद असते, तिच्यातील मळाचे खत होत नाही, तिला वायुनळी लागते आणि त्या नळीचे तोंड छपराच्या वर असून त्यावर जाळी असावी लागते. टाकीतून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात गेले पाहिजे. ते उघड्या गटारात वा ओहोळात सोडणे म्हणजे आपल्या परसातील दुर्गंधी शेजाऱ्याच्या दारी नेणे होय. साधारण दोन-तीन वर्षांनी गाळ यंत्राच्या टँकरने उपसून घ्यावा. टाकीत मनुष्य उतरवू नये. हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो तेव्हा त्याचा वास तीव्र येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून माणूस आत उतरतो व कोसळतो. त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. अशा दुर्घटनांत एकाच वेळी दोघे-तिघे दगावतात, त्याचे कारण हे आहे. आत वायू आहे काय हे पाहण्यासाठी काडी पेटवून टाकणे हेही तितकेच घातक, कारण टाकीत मिथेन असतो व तो पेट घेतो.

विहिरीचे पाणी

येथवर दुर्गंधीचा उपयोग इशाऱ्यासारखा करता येतो, हे सांगितले. एका बाबतीत मात्र हा इशारा मिळत नाही. खड्ड्यातून झिरपणारे पाणी विहिरीत उतरले, तरी त्या पाण्यास वास येतोच असे नाही आणि रंगही बदलत नाही. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते आणि घरात अतिसार, कावीळ वा विषमज्वर फिरत राहतो.

साध्या मातीत जिवाणू फार दूर जात नाहीत, कारण माती गाळणीचे काम करते. जांभ्याची गोष्ट निराळी आहे. या दगडात नैसर्गिक छिद्रे, नळ्या आणि भेगा असतात, आणि त्यांतून पाणी न गाळता झपाट्याने पुढे सरकू शकते. म्हणून खड्डा व विहीर यांत किमान १० मीटर अंतर असावे हा नियम जांभ्याच्या जमिनीत किमान मर्यादा समजून पाळावा, आणि जागा असेल तेथे अंतर त्याहून अधिक ठेवावे. खड्डा विहिरीच्या वरच्या अंगास, चढावर नसावा. खड्ड्याचा तळ भूजलाच्या पावसाळी पातळीपासून दोन मीटर वर राहत नसेल, किंवा जमीन भेगाळ असेल, तर खड्ड्याच्या सभोवार अर्धा मीटर जाडीचा बारीक वाळूचा थर भरावा आणि तळ चिकणमातीने वा सिमेंटने बंद करावा. घरे दाटीने असलेल्या वाड्यावर शेजाऱ्याची विहीरही आपलीच समजून हे अंतर मोजावे लागते. पावसाळा सुरू झाल्यावर व संपल्यावर विहिरीच्या पाण्याची जिवाणू-तपासणी करून घ्यावी. अहवाल येईपर्यंत पाणी उकळून प्यावे.

खड्डा बदलणे व खत काढणे

वापरातील खड्डा भरला की चेंबर उघडून त्याची वाट पक्की बंद करावी व दुसऱ्या खड्ड्याची मोकळी करावी. त्याच दिवशी शौचालयाच्या भिंतीवर तेलरंगाने तारीख लिहून ठेवावी. माणसांच्या स्मरणापेक्षा भिंतीवरील अक्षर अधिक भरवशाचे असते. बंद केलेला खड्डा दोन वर्षे उघडू नये. रोगजंतूंपैकी बरेचसे काही महिन्यांतच नष्ट होतात, परंतु जंतांची, विशेषतः गोल जंताची अंडी चिवट असतात व ओलसर जागेत दीर्घकाळ तग धरतात.

दोन वर्षांनी खड्ड्यात जे उरते ते काळपट, भुसभुशीत, मातीसारखे असते आणि त्यास मातीचाच वास येतो. हे सांगूनही लोकांचा विश्वास बसत नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही. कणकवलीजवळील गोपुरी येथे अप्पासाहेब पटवर्धन (१८९४-१९७१) यांनी मैल्यापासून खत करण्याचे प्रयोग स्वतःच्या हातांनी केले, ते याच कारणाने. अलीकडे फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाच्या पेयजल व स्वच्छता खात्याचे तत्कालीन सचिव परमेश्वरन अय्यर हे तेलंगणातील वरंगळ भागात गंगादेवीपल्ली येथे अशा खड्ड्यात उतरले व त्यांनी खत बाहेर काढले. सचिवाच्या हातातील ती मूठभर माती जे सांगून गेली, ते शंभर परिपत्रकांनी सांगितले नसते.

खत काढण्यास फाल्गुन-चैत्र हे महिने योग्य. त्या वेळी भूजल खाली गेलेले असते आणि खड्डा सर्वांत कोरडा असतो. झाकण काढून खड्डा काही तास उघडा ठेवावा आणि नंतर फावड्याने वरूनच खत ओढून घ्यावे; सव्वा मीटर खोलीसाठी लांब दांड्याचे फावडे पुरते. हातमोजे व पायांत गमबूट असावेत आणि काम संपल्यावर साबणाने हात-पाय धुवावेत. झाकण काढल्यावर ओलसर चिखल दिसला किंवा दुर्गंधी आली, तर चेंबरमधील वीट गळत आहे असे समजावे. तो खड्डा तसाच पुन्हा झाकावा, वाट नव्याने बंद करावी आणि दोन वर्षे पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावीत.

निघालेले खत माडांच्या व पोफळींच्या आळ्यांत पसरून वर मातीचा थर द्यावा. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना, म्हणजे मुळा, काकडी, कोथिंबीर यांना ते घालू नये. रिकाम्या खड्ड्याच्या भिंतींतील बुजलेल्या फटी त्याच वेळी वरून काठीने मोकळ्या कराव्यात, झाकण बसवावे आणि सांधे पावसापूर्वी भरून घ्यावेत.